कुओहू नदीकाठी दोन पुस्तकांची परीक्षा

त्या दोघांना ते पुस्तक मीच दिलं होतं.

सप्टेंबरातल्या एका सकाळी कॉलेजातली दोन पोरं आमच्या हान्हिनिएमीच्या वाचनालयात आली. रानात जीव कसा जगवावा हे शिकवणारं, केशरी कव्हराचं नवंकोरं पुस्तक त्यांनी निवडलं आणि मी त्यावर परतीच्या तारखेचा शिक्का मारला. दीड आठवड्यानं ती दोघं बर्फाळ पावसात एका स्प्रूसच्या झाडाखाली गारठून मेलेली सापडली, एकमेकांना टेकून बसलेली. पुस्तक पाठपिशवीत होतं. त्यांतल्या एकाच्या आईनं ते घरी हीटरवर वाळवलं आणि स्वतः आणून माझ्या टेबलावर ठेवलं. पानं फुगली होती. "उशीर नाही ना झाला?" एवढंच तिनं विचारलं. मी तारीख पाहिली. दोन दिवस शिल्लक होते!

त्यामुळे आमच्या भागातल्या रानवाटा मंडळानं जेव्हा ठरवलं, की रानातल्या अकराही मुक्कामाच्या खोप्यांमध्ये एकेक भरवशाचं पुस्तक ठेवायचं आणि कोणतं ते वाचनालयानं पारखून सांगायचं, तेव्हा मी हात वर केला. कुणी सांगायच्या आधीच. घरी माझी वेनला अकरा महिन्यांची होती, अजून अंगावर पीत होती. पण ती फुगलेली पानं मला झोपू देत नव्हती.

"चार दिवस," मी यार्कोला, माझ्या नवऱ्याला सांगितलं. "चौथ्या दिवशी संध्याकाळी सहाला मी दारात उभी असेन."

"आणि नसलीस तर?"

मी वेनलाचे मोजे शोधायला लागले.

तर १९९३ सालच्या जूनमध्ये आम्ही तिघं निघालो. एका बाजूला तपकिरी पुस्तक: १९५२ सालचं, ऐंशी पानांचं, मेणकापडी कव्हर, खिशात मावणारं. त्यातला निम्मा मजकूर आणि निम्मी चित्रं माझ्या आजोबांची. त्याचा वकील म्हणजे त्यांचाच मुलगा, माझा एल्यासमामा. वय सहासष्ट, सरहद्दीवर पहारा देण्यात उभी हयात गेलेली. दुसऱ्या बाजूला ते केशरी पुस्तक: चारशे पानं, रंगीत फोटो, इंग्रजीवरून भाषांतर केलेलं. त्याचा वकील किम्मो. हेलसिंकीचा, सत्तावीस वर्षांचा, ऑफिसातल्या माणसांना रानात नेऊन आणण्यावर पोट भरणारा. आणि मधे मी, दोन रकाने आखलेली वही घेऊन. जे काही करायचं ते पुस्तकात वाचून करायचं. गुण मी द्यायचे. चौथ्या दिवशी दुपारी पेरालाच्या तळ्यावर मंडळाची मोटारबोट येणार. तिथवर पोचलो तरच परीक्षा खरी. मधून मागे फिरलो तर सगळं रद्द.

"तपकिरी जिंकलं तर मंडळ ते पुन्हा छापणार आहे," मामा मला हळूच म्हणाला. "बाबांचं नाव पुन्हा छापलं जाईल, हिल्ला." त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

पहिल्या दिवशी सगळा खेळच वाटत होता. ओल्या लाकडांवर जाळ करायचा होता. केशरी पुस्तकात त्यावर अकरा पानं! किम्मोनं धनुष्य केलं, काडी फिरवली, पुन्हा फिरवली, कपाळावरचा घाम काडीवर टपकला. तपकिरीत एक ओळ होती: 'बर्चची साल घ्या आणि पेटवा.' मामानं साल घेतली आणि पेटवली.

"प्राध्यापक, तुमचं झालं की कॉफी घ्यायला या," मामा म्हणाला.

"सार्जंट, बर्च नसलेल्या देशात गेलात तर काय कराल?"

"बर्च नसलेल्या देशात मी कशाला मरायला जाऊ?"

पण दुपारी पारडं फिरलं. तपकिरी म्हणत होतं, वाहतं पाणी शुद्ध असतं, बेलाशक प्या. केशरी म्हणत होतं, प्रत्येक थेंब उकळा. मामा ओढ्यावर ओणवा झाला होता. मला चैन पडेना, म्हणून मी शंभर पावलं वर चालत गेले. वळणावर रेनडिअरचं मेलेलं पाडस पाण्यात पडलेलं होतं. डोळे नव्हते. पाणी त्याच्या पोटातून वाहत खाली येत होतं.

मी ओरडले. मामानं ओंजळ सोडली. केशरीला एक गुण.

"काळजीखात्याच्या मंत्रीणबाई आमच्यासोबत आहेत म्हणून वाचलो," किम्मो हसत म्हणाला. ते नाव मला चिकटलं. मोजे सुकवायला सांगितलं की काळजीखातं. ढगाकडे पाहिलं की काळजीखातं. नदीचा आवाज कालच्यापेक्षा वाढलाय का, असं विचारलं तेव्हा तर दोघं एकदमच हसले. त्या दोघांचं एकमत होण्याचा तो पहिला प्रसंग.

नदीचा आवाज खरंच वाढला होता. कुओहू अजून दिसत नव्हती, पण झाडांमागून कुणी जड फर्निचर ओढत असल्यासारखी ऐकू येत होती. दर चार तासांनी माझी छाती दगडासारखी होई. मग मी झाडामागे जाऊन हातानं दूध काढी आणि ते शेवाळात जिरून जाई. घड्याळ पाहायची मला गरज पडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी वाळूच्या टेकाडावर, तोडलेल्या पाइनच्या बुंध्यांमध्ये मामाला कानअळंबी सापडली. तांबूस तपकिरी, सुरकुतलेली, मेंदूसारखी दिसणारी. आमच्याकडे वसंत आला की घराघरांत हिचं रस्सा-जेवण होतं. कच्ची खाल्ली तर माणूस मरतो, हेही घराघरांत ठाऊक असतं. मामानं टोपी भरून घेतली.

"पान एकतीस," त्यानं वाचून दाखवलं. "'भरपूर पाण्यात दोनदा उकळा, दोन्ही वेळचं पाणी फेका. उत्तम अन्न.'"

"केशरी काय म्हणतं?" मी विचारलं.

किम्मोनं पान उघडलं आणि मिटलं. "कुठल्याही अळंबीला हात लावू नका म्हणतं. अरे, माझी आजी दर मे महिन्यात मला हिचा रस्सा घालायची! हे पुस्तक लिहिणाऱ्याला आजी नसेल."

दोघांचं दुसऱ्यांदा एकमत झालं.

"मी खाणार नाही," मी म्हणाले. "पाजणाऱ्या बाईनं खायची नसते. दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलंय, ती शिजत असेल त्या स्वयंपाकघरात उभंसुद्धा राहू नको."

"काळजीखातं!" दोघंही म्हणाले.

दुपारनंतर गारांचा पाऊस सुरू झाला. सुओपाच्या खोपीला पोचलो तेव्हा बोटं वाकत नव्हती. आणि दार उघडताच मामा उंबऱ्यावरच थांबला. चुलीजवळ लाकडं नव्हती. ढलप्या नव्हत्या. कुऱ्हाडीचा दांडा मोडलेला. आमच्या रानात माणूस खोपी सोडताना पुढच्या अनोळखी माणसासाठी सुकी लाकडं आणि पेटवणाच्या ढलप्या मांडून जातो. न मांडता जाणारा माणूस मामाच्या लेखी चोरापेक्षा वाईट.

"कोण जनावरं आली होती इथं?" तो पुटपुटला. मी येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंदवही उघडली. शेवटचं, त्यांच्या नावांचं पान फाडलेलं होतं. मला ते आवडलं नाही.

तळ्याकाठच्या सौन्यात, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफेनं अंघोळ करायच्या लाकडी खोलीत, एक काखभर लाकूड मिळालं. तेवढंच. एक तर खोपीतली चूल पेटेल, नाहीतर सौन्याची भट्टी. दोन्ही नाही.

"सौना," मामा क्षणाचाही विचार न करता म्हणाला. "भिजलेल्या माणसाला सौना. आणि भट्टीच्या दगडांवर पातेलं ठेवायचं. एक जाळ, दोन कामं! हे पुस्तकातही आहे."

"तपकिरीत?"

"दोन्हीकडे," किम्मो म्हणाला. "जळण वाचवा. पान चौऱ्याण्णव."

ते दोघं टॉवेल आणि अळंबीचं पातेलं घेऊन गेले. मी खोपीत राहिले, कारण माझी छाती पुन्हा भरून आली होती. बाकावर बसून मी वाटीत दूध काढत होते आणि ऐकत होते. दगडांवर पाणी पडल्याचा सुस्कारा. हसणं. पुन्हा सुस्कारा. "अजून एक पळी टाक, प्राध्यापक! रडतोस काय?" तास झाला. दीड तास झाला. मधे एकदा मामा नागडा, लाललाल, वाफाळत बाहेर आला आणि पातेल्यातलं पाणी गवतात ओतून, नवं भरून पुन्हा आत गेला.

शेवटी त्यानं हाक मारली. "हिल्ला, ये! अजून गरम आहे. आता तुझी पाळी."

मी सौन्याचं दार उघडलं. गरम वाफ तोंडावर आली. तिच्यात एक गोडसर वास होता, सौन्यात कधीच नसतो तसा. नर्सचा आवाज माझ्या कानात स्पष्ट आला: उभंसुद्धा राहू नको. मी दार लोटलं.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. दोन दिवस 'काळजीखातं, काळजीखातं' ऐकून माझी जीभ आखडली होती. आणि मी स्वतःला समजावलं, की नर्सचं सांगणं तान्ह्या बाळासाठी होतं, धडधाकट पुरुषांसाठी नव्हे.

"डोकं दुखतंय," मी म्हणाले. "अंघोळ नको."

त्या दोघांनी अळंबी राईच्या पावासोबत खाल्ली. मी खारवलेला मासा खाल्ला. तपकिरीच्या रकान्यात मामानं माझ्याकडून एक गुण लिहून घेतला.

सकाळी पाचला निघालो. वितळलेल्या बर्फाची नदी सकाळी उतरलेली असते, ती तेव्हाच ओलांडावी, हे दोन्ही पुस्तकांत होतं. पाऊस थांबला होता, ऊन लख्ख होतं, आणि मामा बोलत नव्हता. एरवी हा माणूस झोपेतसुद्धा बोलतो! त्यानं कॉफी घेतली नाही. किम्मो दोनदा झाडाला धरून थांबला.

"काय होतंय?"

"काही नाही. झोप नीट झाली नाही."

कुओहू आली. उतरलेली अशी काही नव्हती. गढूळ, फेसाळ, मधेच उन्मळलेली झाडं घेऊन जाणारी. चांगली पन्नासेक पावलं रुंद. तपकिरी म्हणत होतं दोर कंबरेला बांधा. केशरी म्हणत होतं वाहत्या पाण्यात दोर अंगाला कधीही बांधू नका, हातात धरा. मी केशरीचं ऐकलं. पाठपिशवीचा पट्टा सोडला, काठी टेकत तोंड प्रवाहाकडे केलं आणि उतरले. गुडघा. मांडी. कंबर! गारठ्यानं श्वास अडकला. तळातले दगड पायाखाली हलत होते. वेनला, वेनला, वेनला, असं दर पावलाला म्हणत मी पलीकडे पोचले आणि दोराचं टोक पाइनला बांधलं.

मग मामा उतरला. एक हात दोरावर, एका हातात काठी. बरोब्बर मधोमध आला आणि थांबला.

"मामा! चल!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं, जणू तो कुणा दुसऱ्याचाच होता. आणि त्यानं दोर सोडला. घसरला नाही. निसटला नाही. त्यानं मूठ उघडली, कुणाला काही द्यावं तशी.

पाण्यानं त्याला उचललं!

मी काठानं धावले. दगडांवरून, झुडपांतून. त्याचं डोकं वर आलं, गेलं, पुन्हा आलं. पुढे किम्मोच्या बाजूच्या काठावरून एक स्प्रूस नदीत आडवा पडलेला होता. मामा त्याच्या फांद्यांत अडकला. तोंड वर. हात सुटे. तो धरत नव्हता! मी उडी मारली. पाणी डोक्यावरून गेलं. कानात फक्त गडगडाट. छातीत काहीतरी आदळलं, ते खोड होतं. मी एका हातानं फांदी धरली, दुसऱ्यानं मामाची कॉलर. पाठपिशवी त्याच्या खांद्यावरून सुटली आणि गरगरत निघून गेली. तपकिरी पुस्तक त्याच पिशवीत होतं.

"किम्मो! किम्मो!"

किम्मो आला, पण रांगत. खोडावर पालथा पडून त्यानं मामाचा दंड धरला. आम्ही दोघांनी ओढलं. इंच इंच. मामा काठावर आला आणि किम्मो तिथंच गुडघ्यांवर बसून भडाभडा ओकला.

आम्ही निघालो होतो त्याच काठावर परत आलो होतो.

मी बर्चची साल घेतली आणि पेटवली. मामाचे ओले कपडे काढून त्याला किम्मोच्या कोरड्या झोपायच्या पिशवीत घातलं. त्याचे डोळे उघडे होते, पण नजर एका जागी राहत नव्हती. तोही ओकला. किम्मो केशरी पुस्तकाची पानं उलटत होता.

"ओकाऱ्या. दूषित पाणी. जुलाब... आहे तिथंच थांबा, खुणेचा धूर करा, मदतीची वाट पाहा."

"मदत येणार कशी? उद्या दुपारपर्यंत आपली कुणी वाटच पाहणार नाही. आणि पाण्याचा प्रत्येक थेंब उकळलाय आपण. मीही तेच प्यायले. लापशीही तीच. मी धड आहे, तुम्ही दोघं नाही. तुम्ही काय केलंत जे मी केलं नाही?"

बोलता बोलताच मला उत्तर दिसलं.

"कानअळंबी दोनदा उकळली होती," मामा डोळे मिटून म्हणाला. जीभ जड झाली होती. "दोनदा. पाणी फेकलं."

"पाणी फेकलंस. आणि वाफ?"

नदी बोलत होती.

"दीड तास," किम्मो हळूच म्हणाला. "दार लावून. वर पळ्यांवर पळ्या टाकत. विष वाफेत जातं?"

"मला काल दारातच वास आला होता. नर्सनं सांगितलं होतं, तिच्या वाफेत उभं राहू नको. मी बोलले नाही."

"का नाही बोललीस?"

"तुम्ही हसला असता."

किम्मोनं केशरी पुस्तक मिटलं.

"पेराला," मामा उठायची धडपड करत म्हणाला. "पाच तास फक्त. उद्या बोट. थांबायचं नाही... पुस्तकात आहे, थांबला तो संपला." तो उठला आणि पुन्हा बसला. मग एखाद्या पोरासारखं म्हणाला, "हिल्ला, बाबांचं नाव."

चार दिवसांच्या त्या परीक्षेत मी फक्त गुण देत आले होते. तो क्षण वेगळा होता. मामा चालला तर तासाभरात पडणार. थांबलो तर उद्यापर्यंत या विषानं काय होईल मला ठाऊक नव्हतं, पण हे नुसतं पोट बिघडणं नव्हतं. ज्याला हातातला दोर समजत नाही त्याच्या डोक्यापर्यंत काहीतरी पोचलं होतं. हार्मा टेकाडापलीकडे रेनडिअरवाल्यांचं कुंपण होतं. पाडसांच्या दिवसांत माणसं तिथं राहतात आणि त्यांच्याकडे रेडिओफोन असतो. नऊ किलोमीटर.

"परीक्षा रद्द," मी म्हणाले. मेणकापडात कोरड्या राहिलेल्या वहीतली लिहिलेली पानं फाडून किम्मोच्या हातात दिली. "जाळ विझू देऊ नको. ही घे, पेटवायला. मामाला झोपू देऊ नको, पाणी घोट घोट पाजत राहा. मी हार्मावरून जाते."

"एकटी? केशरीत म्हटलंय, एकट्यानं कधीही..."

"तेही जाळ."

टेकाडाच्या उत्तर उतारावर अजून कंबरभर बर्फ होता. वर चढून गेले तर धुकं. आधी झाडांचे शेंडे गेले, मग झाडं, मग माझे बूट. मी होकायंत्र हातात धरून पावलं मोजत होते. तीनशे. चारशे. बर्फाखालून पाण्याची गुळगुळ ऐकू येत होती. मी थांबले, ऐकलं, डावीकडे सरकले...

आणि खाली गेले!

काखेपर्यंत. पायांना तळ नव्हता. बर्फाच्या खालून ओढा वाहत होता आणि तो माझे पाय आत ओढत होता. मी कोपर रोवले. बर्फ मऊ साखरेसारखा सुटत होता. कुणीही येणार नव्हतं. ती दोन पोरं स्प्रूसखाली बसलेली मला दिसली, अगदी स्पष्ट, आणि त्या आईनं आणून दिलेली फुगलेली पानं. यार्को माझ्या वस्तू हीटरवर वाळवतोय, असंही दिसलं.

"नाही!" मी मोठ्यानं ओरडले. कुणाला, ठाऊक नाही. काठी आडवी टाकली, तिच्यावर छाती टेकली. दुधानं भरलेली छाती, अशी कळ उठली की डोळ्यांपुढे पांढरं झालं. एक गुडघा वर आला. दुसरा. मी पोटावर सरपटत राहिले, पोटाखाली खडक लागेपर्यंत.

होकायंत्र गेलं होतं.

मी बसून राहिले. घाईनं उठायचं नाही, असं स्वतःला सांगितलं. श्वास शांत झाला तेव्हा धुक्यातून एक आवाज आला. खर्जातली, खोकल्यासारखी हाक. मग तिला पातळ उत्तर. रेनडिअरची मादी आणि तिचं पाडस! एक नाही, कितीतरी. आया आपापल्या पोरांना हाका मारत होत्या. एवढ्या आया एका जागी म्हणजे कुंपण. मी आवाजाच्या रोखानं उतरले. थांबायची, ऐकायची, उतरायची. हाताला तार लागली तेव्हा मी तिला कपाळ टेकवलं. तारेलगत मोटारसायकलच्या चाकांचा ताजा माग होता. त्यानं मला दारापर्यंत नेलं.

औला नावाचा मध्यमवयीन रेनडिअरवाला चुलीवर कॉफी करत होता. त्यानं माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि फोनकडे हात नेला. "कोण? कुठे?"

"दोन पुरुष. कुओहू ओलांडतात तिथे. कानअळंबी."

"कच्ची खाल्ली?"

"नाही. सौन्यात शिजवली."

त्याचा हात फोनवर तसाच राहिला. "दार लावून?" एवढंच त्यानं विचारलं, आणि मग तो फोनमध्ये फार भराभर बोलायला लागला.

सरहद्दीवरच्या जवानांचं हेलिकॉप्टर पाऊण तासात आलं. धुकं फाटलं होतं. वरून मला धुराची बारीक रेघ दिसली. किम्मो जाळ राखत बसला होता आणि मामाचं डोकं त्यानं मांडीवर घेतलं होतं. तो मामाला पाढे म्हणायला लावत होता. मामा चुकत होता. किम्मो रडत होता.

किम्मो चार दिवसांत सुटला. मामाचं यकृत दहा दिवस डॉक्टरांच्या ताब्यात होतं. मी चौथ्या दिवशी, सहा वाजायच्या आत, दारात उभी राहिले. वेनला माझ्याकडे झेपावली, कपड्यात तोंड घालून हुंगायला लागली, पण दारातल्या त्या एका श्वासामुळे डॉक्टरांनी मला दोन दिवस पाजायची मनाई केली होती. ती रडत होती आणि मी मोरीत दूध ओतत होते. यार्को शेजारी उभा राहिला.

दहाव्या दिवशी मी मामाला भेटायला गेले. डोळे अजून पिवळे होते. मंडळाच्या चिटणिसांचा फोन येऊन गेला होता: एक नाव द्या, जुनं किंवा नवं, पुस्तकं मागवायची आहेत. मी सांगितलं होतं, देणार नाही. बर्चची साल तपकिरीनं दिली आणि पाण्यातला दोर केशरीनं, पण माझ्या मामाला दोन्ही मिळून सौन्यात घेऊन गेली.

मला वाटलं, मामा भांडेल. तो खिडकीबाहेर पाहत होता.

"आई दर वसंतात आम्हा पोरांना अंगणात काढायची," तो म्हणाला. "पातेलं चुलीवर चढलं की चला बाहेर, सगळे! पाऊस असो, गारा असोत. दार-खिडक्या सताड उघडायची. बाबा बाहेरच असायचे, लाकडं फोडत. मला वाटायचं, आमच्या दंग्यानं तिचं डोकं उठतं. साठ वर्षं मला तेच वाटत होतं, हिल्ला."

"तिनं सांगितलं नाही कधी?"

"ते सगळ्यांना ठाऊक असतं, असं तिला वाटलं असणार. बाबांनाही ठाऊक आहे, असंच ती धरून चालली असेल. म्हणून पुस्तकात नाही." त्यानं हात पुढे केला. "कागद आहे? लिही. पुस्तकाचं राहू दे. अकरा सौने आहेत, अकरा कागद लिही. दारावर लावायला."

"काय लिहू?"

त्यानं सावकाश, पहाऱ्यावरचा हुकूम द्यावा तसं सांगितलं, आणि मी ठळक अक्षरांत लिहिलं:

'कानअळंबी उघड्यावर शिजवा. पोरांना लांब काढा. का, तेही त्यांना सांगा.'